राजेरजवाड्यांनी सही करून दिलेले फोटो कुणाकडे आहेत का? (बेळगाव, निपाणी, खानापूर, रामदुर्ग पट्टा)

शहापूरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोय.

मी सहीचे राजेशाही फोटो जमवतो. इंग्लंडचे राजे, युवराज, व्हाइसरॉय यांनी आपल्याकडच्या संस्थानिकांना, दिवाणांना, कारभाऱ्यांना भेट म्हणून दिलेले. खाली सही, साल, कधी चांदीची तर कधी चामड्याची चौकट, वर मुकुट. नाण्यांचे आणि तिकिटांचे संग्राहक गल्लोगल्ली आहेत, या फोटोंकडे मात्र कुणी बघत नाही.

आणि आपल्याइतका याला योग्य मुलूख दुसरा नाही. बेळगाव शहर इंग्रजांचं, पण शहापूर सांगलीचं. रायबाग कोल्हापूरचं. पलीकडे रामदुर्ग, जमखंडी, मुधोळ. दहा-वीस मैलांवर राज्य बदलायचं. प्रत्येक गादीला पोलिटिकल एजंटाशी (संस्थानांवर नेमलेला इंग्रज अधिकारी), गव्हर्नराशी संबंध ठेवावे लागायचे आणि त्या संबंधांची खूण म्हणून हे फोटो यायचे. पूर्वी खिलत (मानाचा पोशाख) आणि नजराणे चालायचे. १८६० नंतर फोटोच्या प्रती स्वस्तात निघू लागल्या. प्रती सगळ्या सारख्याच असल्या तरी सही हातची, त्यामुळे घेणाऱ्याला ती खास आपल्यासाठीच वाटायची. दरबारी राजकारणाला याहून सोयीची भेट कुठली?

आता मुद्दा. निपाणीकडून एक फोटो विकायला आलाय. युवराज एडवर्ड, खाली 'एडवर्ड पी. १९२१'. चौकट नाही, पत्र नाही, कुणाच्या घरातला ते सांगत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: कुणाला दिला हेच माहीत नसेल, तर त्या फोटोचा निम्मा इतिहास गेला. तरी सोडवत नाही. घ्यावा का? आणि तुमच्या घरांत असं काही असेल तर कृपया लिहा.

कुंदाप्रेमी

वाचतोय. फोटो चिकटवा की वो, नुसतं लिहून सोडलाय.

टिळकवाडीकर

शहापूरकर, चांगला विषय काढलात. घ्यायचा की नाही ते नंतर, आधी सह्यांचं थोडं लिहितो. सगळा घोळ तिथेच होतो.

व्हिक्टोरिया राणीला १८७६ च्या कायद्यानं सम्राज्ञी पद मिळालं. म्हणून नंतरच्या सह्यांत नावापुढे 'आर.आय.' दिसतं, राणी आणि सम्राज्ञी. त्याआधीच्या सालाच्या फोटोवर ते असेल तर हात आखडता घ्या.

सातवा एडवर्ड १८७५-७६ मध्ये युवराज म्हणून हिंदुस्थानात आला, तेव्हा तो 'अल्बर्ट एडवर्ड' अशी सही करायचा. पाचवा जॉर्ज १९०५-०६ मध्ये युवराज म्हणून आला, त्याची सही 'जॉर्ज पी.', पी म्हणजे प्रिन्स. बरोबरची मेरी तेव्हा 'व्हिक्टोरिया मेरी' लिहायची, राणी झाल्यावर 'मेरी आर.'. तुमचा १९२१ चा 'एडवर्ड पी.' म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड. तो १९३६ मध्ये वर्षभरही गादीवर टिकला नाही, त्यामुळे राजा म्हणून सही केलेले त्याचे फोटो दुर्मीळ. युवराज असतानाचे मात्र बरेच आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचा. दोघंही 'जॉर्ज आर.आय.'. तिथे चेहरा, दाढी, गणवेश आणि स्टुडिओचं नाव बघायचं. सहाव्या जॉर्जनं स्वातंत्र्यानंतर तो 'आय' गाळला. ऑगस्ट १९४७ मध्ये त्याचं पहिलं तसं पत्र आलं, तेव्हा त्याच्या आईनं, म्हणजे याच मेरी राणीनं, पाकिटावर फार वाईट वाटल्याची नोंद करून ठेवली आहे. एका अक्षरात आख्खं साम्राज्य गेलं. मला तर या छंदात याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

नंदगडकर

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

आमच्या गावात संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिलं. तारीख २६ जानेवारी. समाधीवर आजही माणसं नवस बोलायला येतात. बेळगावात १८५८ मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना फाशी दिलं. आणि आपण त्याच इंग्रजांच्या राणीचे आणि तिच्या नातवंडांचे फोटो चांदीच्या चौकटीत शोधत फिरायचं? ज्यांनी हे फोटो घेतले, त्यांनी मान वाकवून घेतले. ते अडगळीत गेले तेच बरं झालं.

कॅम्पातला

नंदगडकर, मुद्दा वजनदार आहे, पण धाग्याचा सीमावाद करून सोडू नका. आधीच एक आहे तेवढा पुरे.

कॅम्पातलं माझंही एक सांगणं. पलटणींच्या मेसमध्ये जुने राजेशाही फोटो असायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथे आहे, तेव्हा लोकांना वाटतं की असले फोटो बाजारात येत असतील. तसा कुणी दाखवला, मागे मेसचा शिक्का किंवा क्रमांक असला, तर ती पलटणीची मालमत्ता. हात लावू नका.

शहापूरकर

@नंदगडकर, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटतं आणि म्हणूनच ते फोटो हवेत असं मला वाटतं. कुणी कुणापुढे कधी आणि कशाच्या बदल्यात मान वाकवली याचा कागदावरचा पुरावा आहे तो. माझ्या घरात एकही फोटो भिंतीवर नाही, सगळे पेटीत आहेत, प्रत्येकाबरोबर टिपण. पूजेला लावलेले नाहीत.

@टिळकवाडीकर सर, तुमचा प्रतिसाद छापून पेटीत ठेवतोय.

रामदुर्गची लेक

नंदगडकर दादांनी नरगुंदचं नाव काढलं म्हणून लिहिते. नरगुंद आणि रामदुर्ग एकाच भावे घराण्याच्या दोन गाद्या. नरगुंदच्या राजांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला सुरेबानला मारलं, फासावर गेले, संस्थान खालसा झालं. रामदुर्ग मात्र १९४८ पर्यंत राहिलं. रामदुर्गला किंवा जमखंडीला तोफांची सलामीसुद्धा नव्हती, कोल्हापूरला १९ तोफा होत्या. त्या उतरंडीत बिनतोफेच्या गादीला सहीचा एक फोटो मिळणं म्हणजे काय असेल, विचार करा. आमच्याकडे ही दोन्ही टोकं एकाच घरातली आहेत, म्हणून मला यात एकाच बाजूनं बोलता येत नाही.

आता माझा अनुभव. माहेरी माजघरात पाचव्या जॉर्जचा फोटो होता. खाली सही. पणजोबांना दिल्ली दरबारात मिळाला असं घरात सगळे सांगायचे. मागच्या दिवाळीला भाच्यानं सोनाराचं भिंग लावून बघितलं, तर चेहरा सगळा बारीक बारीक ठिपक्यांचा, आणि सहीसुद्धा ठिपक्यांचीच! छापील चित्र निघालं. आई दोन दिवस गप्प होती.

भिंगवाला

ताई, आईंना सांगा की वाईट वाटून घेऊ नका. १९११ च्या दरबाराच्या आणि १९३५ च्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी असली छापील चित्रं ढिगानं निघाली. त्या काळात घरात लागलेलं मूळ चित्र म्हणून त्यालाही किंमत आहे, फक्त ती सही नव्हे.

ओळखायचं कसं ते एकदा नीट लिहितो.

दहापट भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली की छपाई. खरा फोटो असेल तर छटा सलग दिसते. १८९० च्या आधीचा असेल तर बहुतेक अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पांढरे भाग पिवळट पडतात, भिंगाखाली बारीक भेगा दिसतात. नंतरचा चांदीच्या क्षारांचा फोटो असेल तर काळ्या भागांत, विशेषतः कडेला, निळसर चंदेरी झाक येते. फोटो तिरका धरून उजेडात फिरवा, लगेच कळतं. ही झाक पुसायला जाऊ नका, तीच वयाची खूण आहे.

मग सही. ती बहुधा फोटोवर नसते, खालच्या पुठ्ठ्यावर असते. खरी शाई कागदाच्या धाग्यांत शिरलेली दिसते, जिथे निबावर जोर पडला तिथे ओळ रुंद होऊन मध्ये फिकट आणि कडांना गडद. जुनी लोहयुक्त शाई काळाची तपकिरी होते. काही फोटोंत सही मूळ काचेच्या निगेटिव्हवरच करून छापलेली असते, तिचा रंग हुबेहूब फोटोच्याच छटेचा येतो, त्यावरून पकडायची. आणि १९२१ च्या फोटोवर बॉलपेनाची सही दिसली तर हात जोडून उठा. बॉलपेन बाजारात यायला १९४० चं दशक उजाडलं.

निपाणकर

भिंगवाले, वाचनखूण साठवली.

चौकटीचं मी सांगतो, कारण ते दुखणं आमच्या घरचं आहे. आजोबांच्या चुलत्यांकडे अशी चौकट होती. वर मुकुट, मागे निळी मखमल, उभं करायला टेकू. वाटणी झाली तेव्हा एका चुलत्यानं चौकट एका सराफाकडे नेली. चांदी म्हणून तोलून घेतली आणि आटवली. फोटो रद्दीत. नाव कुणाचं घेत नाही, पण आजही घरात तो विषय निघाला की जेवण जात नाही.

ज्यांच्याकडे चौकट आहे त्यांनी मागे, कडेला, टेकूच्या बिजागरीजवळ बारीक शिक्के बघा. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची अस्सल चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. शेजारच्या अक्षरावरून वर्ष निघतं. फोटोवर साल १९०५ आणि चौकटीवरचं अक्षर १९२५ चं, असं असेल तर दोघं नंतर एकत्र आलेत. एवढ्यासाठी तरी चौकट आणि फोटो वेगळे करू नका वो.

कुंदाप्रेमी

शहापूर सांगलीचं होतं हे मला आजच कळलं! म्हणजे आमचे आजोबा कुंदा आणायला परराज्यात जायचे की.

कॅम्पातला

होय गा. जकातही असेल कुंद्यावर.

मोडीवाचक

कुंद्यावर गाडी गेली की परत आणायला अवघड, तरी प्रयत्न करतो.

सगळे फक्त साहेबाच्या फोटोंबद्दल बोलतायत. भेट दोन्ही बाजूंनी व्हायची. आपले राजेही स्वतःचे फोटो सही करून द्यायचे, व्हाइसरॉयला, रेसिडेंटाला, एकमेकांना, लग्नकार्यात सोयऱ्यांना. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला लंडनला गेले. तो समारंभ २६ जूनला ठरला होता, राजाच्या आजारपणानं ९ ऑगस्टला झाला. त्यामुळे त्या वेळच्या वस्तूंवर २६ जून दिसलं तर खोटं म्हणून फेकू नका, आधीच तयार करून ठेवलेल्या त्या.

मला स्वतःला फोटोची मागची बाजू जास्त आवडते. रायबागकडच्या एका घरात मी एक पुठ्ठा पाहिला. पुढे कुणा गोऱ्या अधिकाऱ्याचा फोटो, सही विटलेली, त्यात काही राम नव्हता. मागे मात्र शिसपेन्सिलीनं मोडीत दीड ओळ: कुठल्या मुक्कामी मिळाला, तिथी, आणि 'दप्तरी जमा' असा शेरा. खाली वेगळ्या हातानं, शाईनं, कपाटाचा क्रमांक. म्हणजे संस्थानाच्या कारकुनानं त्याची सरकारी मालमत्ता म्हणून नोंद केली होती, धन्याचा खासगी फोटो म्हणून नव्हे. ज्या घरात तो निघाला ते घर त्या कारकुनाचंच. संस्थानं विलीन झाली तेव्हा दप्तरं हलली, काही कागद घरी आले. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा घरच्या आजी म्हणाल्या, 'मग हा आमचा नव्हेच की.' त्यांनी तो आजवर विकलेला नाही.

तेव्हा मागचा कागद फाडून नवी फ्रेम करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: आधी मागे बघा. मोडी असेल तर इथे फोटो टाका, मी वाचून देईन, एक पैसा घेणार नाही.

खानापूरची मावशी

मोडीवाचक भाऊ, मोठं काम करताय.

मी जपणुकीचं सांगते. आमच्या खानापुरात पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला होतो. फोटो काचेला चिकटतो, तो सगळ्यात वाईट प्रकार. चिकटलेला ओढून काढू नका, थर काचेवर राहतो आणि चेहराच जातो. काचेसकट ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पुढच्यांसाठी काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड घालून फट ठेवा.

मागची जुनी लाकडी फळी काढा (मोडीवाचकांना दाखवून!) आणि आम्लरहित पुठ्ठा लावा. लाकडाचं आम्ल कागद तपकिरी करतं. डांबराच्या गोळ्या नकोत, कडुलिंबाचा पाला फोटोच्या अंगाला लागेल असा नको. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवा, त्या ओल्या झाल्या की बदला. कसर दिसली तर आधी पेटी आणि कपाट साफ करा. लॅमिनेशन तर कुणी सुचवलं तरी करू नका. आणि शाईच्या सह्या उन्हात उडतात, त्यामुळे व्हरांड्यात टांगलेले आधी आत घ्या.

बंगळुरूत सध्या

एलिझाबेथ राणीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. १९६१ च्या दौऱ्यात ती बंगळुरूलाही आली होती, तेव्हा म्हैसूर राज्याचे राज्यपाल जयचामराज वडियार. आपलं बेळगावही १९५६ पासून त्याच राज्यात. ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी त्या दौऱ्यातली जोडी बघितलीय: एकात राणी, 'एलिझाबेथ आर.', दुसऱ्यात 'फिलिप', दोन्हींवर साल. चामड्याची चौकट. घरचे म्हणाले, मोठ्या पदावरच्यांना चांदीची, बाकीच्यांना चामड्याची. म्हणजे उतरंड तेव्हाही तीच.

पण इथे राजा आणि मांडलिक हे नातं नव्हतं. दोन स्वतंत्र देशांमधली भेट. मला ती जोडी म्हणूनच आवडली.

नंदगडकर

@बंगळुरूत सध्या, हा फरक महत्त्वाचा आहे. १९६१ च्या फोटोला माझी हरकत नाही.

आणि मोडीवाचकांची गोष्ट वाचून एक विचारतो. तो 'दप्तरी जमा' फोटो कायद्यानं कुणाचा?

चिकोडीचे वकील

मालकीचा प्रश्न कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मी इथे सल्ला देत नाही, पण सगळ्यांना उपयोगी पडेल एवढं सांगतो.

१९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं, कागदपत्रं त्यात येऊ शकतात. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. 'लंडनहून गिऱ्हाईक आलंय' म्हणून कुणी घाई केली तर तिथेच थांबा. असल्या वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. शहापूरकरांनी विकणाऱ्याकडून पावती घ्यावी, नाव, गाव, तारीख, वस्तूचं वर्णन. पावती द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून काही घेऊ नये.

आजचे मंत्री आणि अधिकारी यांना परदेशातून मिळालेल्या भेटी ठरावीक किमतीवरच्या असतील तर तोशाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात, जमा कराव्या लागतात. ही पद्धतही कंपनीच्या काळापासूनची. मोडीवाचकांचा कारकून त्याच रीतीनं चालला होता.

टिळकवाडीकर

आता मूळ प्रश्नाकडे.

शहापूरकर, १९२१ आणि निपाणी ही सांगड मला अजिबात अशक्य वाटत नाही. तो युवराज १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत उतरला आणि १९ तारखेला पुण्यात त्याच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. त्यामागे शाहू महाराज होते. दक्षिणेतले संस्थानिक, सरदार, त्यांचे कारभारी पुण्याला होते. तिथून एखादा फोटो निपाणीला आला असेल. पण 'असेल' म्हणजे 'आहे' नव्हे. त्या दौऱ्यात काँग्रेसचा बहिष्कार होता, मुंबईत दंगल पेटली होती. नंदगडकर, हेही त्या फोटोच्या टिपणात लिहिलं पाहिजे, तुमच्या बाजूचा तो पुरावा आहे.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. मागचा पुठ्ठा मूळ आहे का, त्यावर स्टुडिओचा उमटलेला शिक्का आहे का आणि त्याच घरातून दुसरे कागद, पाकिटं, निमंत्रणं आलीत का. त्या वेळचं एखादं निमंत्रण जरी सोबत मिळालं, तरी घराचा पत्ता लागेल.

रामदुर्गची लेक

आणि विकणाऱ्या घरातल्या बायकांना विचारा काका. पुरुष 'अडगळीत होता' म्हणतात. कुणाच्या खोलीत होता, कोण पुसायचं, ते आजीलाच ठाऊक असतं.

शहापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी फोन केला आणि ताईंचं ऐकून घरातल्या वडीलधाऱ्या बाईंशी बोलायला मागितलं. फोटो त्यांच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत होता. ट्रंक अजून आहे, आत बासनात कागद आहेत, 'वाचता येत नाहीत म्हणून तसेच ठेवलेत' असं म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं की फोटोचा सौदा आत्ता नको, आधी कागद वाचू. त्यातून तो कुणाच्या दप्तरातला निघाला तर ते ठरवतील काय करायचं ते. पावतीचंही बोललो, मुलगा तयार आहे.

@मोडीवाचक, रविवारी सकाळी निपाणीला येता का? माझी गाडी आहे, भिंगवाल्यांनाही घेऊ.

मोडीवाचक

येतो. संकेश्वरला नाश्ता करू. बासन मात्र मी आल्याशिवाय सोडायला लावू नका, घडीवर फाटतात ते कागद.

नंदगडकर

गाडीत एक जागा असेल तर मीही येतो. मला ती १९२१ ची निमंत्रणं निघाली तर बघायचीत, कुणी नाकारली का ते.

शहापूरकर

आहे. सात वाजता गोगटे सर्कल.